अण्णांची डिस्क

आमचे वडील, अण्णा, गेल्यावर महिन्याभरात माझ्या भावानं, अनेकांतनं, त्यांचा तीस वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर भंगारात घातला. अण्णा गगनबावड्याचा पाऊस रोज मोजायचे आणि त्याच्या नोंदी त्यात ठेवायचे. चार ठिकाणी फोन करत मी कोल्हापुरात प्रसेनजीतच्या दुकानात पोचले. जुने कॉम्प्युटर जपणारे हौशी लोक त्याच्याकडून वापरलेल्या हार्ड डिस्क नेतात.

त्या भंगारातून आलेल्या पाच डिस्क त्याच्यापुढं होत्या.

"पाचही द्या," मी म्हणाले. "पुसू नका."

"न पुसता मी इकत न्हाय, आदितीताई. लोकांचं घर असतंय आत."

"त्यातलं एक माझं आहे."

"व्हय, पण चार दुसऱ्यांची की! तुमची कुठली ते मी बघतो. तुम्ही बसा गप."

मला बसवेना. स्क्रीन स्वतःकडं वळवून तो एकेक डिस्क जोडू लागला. पहिलीत कुणाच्या तरी लग्नाची यादी निघाली, ती त्यानं पुसली. दुसरीत शाळेचे पेपर होते, तीही पुसली. तिसरी सुरूच झाली नाही. तीच अण्णांची असेल, असं वाटून मी दारापर्यंत जाऊन परत आले.

चौथीला तो थांबला. "पाऊसच पाऊस हाय हितं. या, बघा."

मला पुढं होता येईना. "शेवटची नोंद तुम्हीच वाचा."

अण्णा इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे. तो अडखळत वाचू लागला, "अकरा जुलै. आदिती आली. पाऊस मोजायचा राहिला."