झुपकीचं वजन मी सांगतो

मी वजनकाटा बोलतोय. वर स्टीलची चपटी थाळी, पुढे हिरवे आकडे, खाली रबराचे चार पाय. दिसायला साधा असलो तरी इथे माझ्या शब्दाला मान आहे. डॉक्टरबाई "मला वाटतं" म्हणाल्या तर लोक नुसती मान डोलावतात. मी "दीडशे ग्रॅम" म्हटलं की लिहून घेतात.

कारखान्यात पितळेची वजनं ठेवून माझी परीक्षा झाली, ती मी पहिल्या फटक्यात पास झालो. मग चार वर्षं एका बेकरीत काढली. तिथला मालक गिऱ्हाइकाला बिस्किटं देताना हात आखडता घ्यायचा आणि स्वतःच्या पोरांना देताना माझ्याकडे बघायचाच नाही. पिठानं माझी बटणं बुजली होती. बेकरी बंद झाली तेव्हा त्याच्या धाकट्या बहिणीनं मला उचललं, ब्रशनं घासूनपुसून स्वच्छ केलं आणि आपल्या कामावर नेलं. त्याच ह्या डॉक्टरबाई.

त्यांच्याकडे सहा कोल्हे आहेत. कुणी गाडीखाली सापडून लंगडा झालेला, कुणी माणसाच्या घरात वाढल्यामुळे शिकार न शिकलेला. जंगलात परत सोडले तर आठवडाभरही टिकायचे नाहीत. सहा जाळीच्या खोल्या, खाली वाळू, आणि मधोमध आमचं स्वयंपाकघर. तिथं काकांचं राज्य. एकोणीस वर्षं ते कोल्ह्यांना खाऊ घालतायत. एवढ्या मायेनं आपल्याला कधी वाढलं नाही, अशी काकूंची तक्रार आहे, आणि काका ती नाकारत नाहीत.

कोल्हा म्हणजे मांस, एवढंच लोकांना ठाऊक असतं. पण नुसत्या मांसावर ठेवला तर त्याची हाडं ठिसूळ होतात. मी रोज कोंबडीचा खिमा तोलायचो, अंडी, उकडलेलं गाजर, सफरचंदाच्या फोडी आणि चिमूटभर हाडांची पूड. मग एक दिवस बाईंनी कोरड्या खाद्याची पोती आणली. कडक तपकिरी गोळ्या, सगळं त्यातच मिसळलेलं. त्या कोल्ह्यांना पचतात का, ते दहा दिवस मोजायचं ठरलं.

पद्धत सोपी होती. भांड्यात किती दिलं ते तोलायचं. भांड्यात किती उरलं ते तोलायचं. कोल्ह्याची विष्ठा गोळा करून भट्टीत वाळवायची आणि तीही तोलायची. हो, माझ्यावरच. मी नाक मुरडलं नाही, मला नाकच नाही. खाल्लेल्यातून बाहेर पडलेलं वजा केलं की उरलं ते अंगी लागलं.

अशा मोजणीसाठी कोल्ह्याला तारेच्या छोट्या पिंजऱ्यात ठेवतात. बाईंचं मन होईना. "राहू देत आपापल्या जागेत," त्या म्हणाल्या. "फक्त काका, दहा दिवस वाळूला फावडं लावू नका. विष्ठा चिमट्यानं उचला. वाळूत मिसळली तर वजन चुकेल."

काकांना रोज सकाळी वाळू उकरून सारखी करायची सवय. पण बाईंचा शब्द त्यांनी पाळला.

पाच कोल्ह्यांचे आकडे सारखेच आले, शंभरातले अठ्ठ्याहत्तर, ऐंशी. सहावी झुपकी. अकरा वर्षांची म्हातारी, दातांची बोंब, शेपूट मात्र अजून राणीसारखी. तिनं शंभरातले ब्याण्णव पचवले होते. "भांडं चाटूनपुसून लख्ख करते माझी बाय," काका कौतुकानं सांगत होते.

मग टोपलीत घालून तिला माझ्यावर ठेवलं. दहा दिवसांपूर्वी ती पाच किलो दोनशे होती. मी दाखवलं, चार किलो सहाशे. बाईंनी मला बंद करून पुन्हा चालू केलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

"सगळं खाते, सगळं पचवते आणि अंग झडतंय," बाई हळूच म्हणाल्या. "आत गाठ असणार, काका. पोट उघडून बघावं लागेल."

"ह्या वयात भूल सोसेल तिला?"

"निम्मी आशा धरा."

काकांनी एकच भांडं तीनदा धुतलं. मी मात्र ताठ होतो. माझे सगळे आकडे बरोबर होते, त्याचा मला अभिमान होता. आज तो आठवला की लाज वाटते.

भूल द्यायची म्हणून आदल्या दुपारपासून झुपकीला उपाशी ठेवलं. सकाळी काका तिला न्यायला गेले आणि दारातूनच ओरडले, "बाई, हिला कुणी खायला घातलं?"

खिडकीतून मला दिसत होतं. झुपकी कोपऱ्यात नाकापर्यंत वाळूनं माखली होती आणि मजेत काहीतरी चघळत होती. रोज भांडं समोर यायचं, त्यामुळे आपला ठेवा उकरायची वेळच तिच्यावर आली नव्हती. काल भांडं आलं नाही. काकांनी फावडं घातलं तशा गोळ्यांचे ढीग निघत गेले, तीन कोपऱ्यांत तीन. ओलीनं मऊ झालेल्या. कडक गोळ्या तिच्या झिजल्या दातांना फुटत नव्हत्या. जमल्या तेवढ्या ती खायची आणि बाकीच्या पुरायची. भांडं रिकामं म्हणजे पोटात गेलं, असं आम्ही सगळे समजून बसलो होतो.

वाळू चाळून, गोळ्या वाळवून माझ्यावर ठेवल्या. आठशे नव्वद ग्रॅम. ते वजा केल्यावर झुपकीचं पचन इतरांसारखंच निघालं. आत गाठबीठ काही नव्हती, होती ती भूक.

"फावडं मीच थांबवलं," बाई म्हणाल्या.

"आणि मला रिकाम्या भांड्याचं कौतुक," काका म्हणाले. "एकोणीस वर्षांत एवढं कळू नये?" त्यांनी तिथेच बसून गोळ्या कोमट पाण्यात भिजत घातल्या, त्यात थोडा खिमा कालवला, आणि तिचं खाणं संपेपर्यंत ते जाळीपाशी बसून राहिले.

आता माझ्या थाळीला एक पोचा पडलाय आणि बटण दोनदा दाबावं लागतं, पण आकडा एका ग्रॅमनंही चुकत नाही. तुमची माझ्याकडे काही मोजणी असेल तर जरूर आणा. फक्त जे माझ्यावर ठेवलं नाहीत, त्याचा शोध आधी तुम्ही घ्या, ते मला दिसत नाही.

आज सकाळी झुपकीला टोपलीत ठेवलं. ती काही केल्या स्थिर बसेना. काकांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, मग आठवणीनं काढून घेतला. पाच किलो शंभर. आणि ह्यातला एकही ग्रॅम वाळूत नाही.