नारिंगी शेपूट

ताई दातांच्या डॉक्टर होत्या आणि पांढऱ्या रंगावर त्यांचा फार जीव. दवाखाना पांढरा, कोट पांढरा, आणि धावपट्टीशेजारच्या शेडमधलं त्यांचं ग्लायडर तर दुधासारखं. अशी बिनइंजिनाची विमानं दोरीनं ओढून वर नेऊन सोडायचं काम त्यांच्या भावजयीकडे होतं. तिचं विमान छोटं, पिवळं आणि तिच्यासारखंच खणखणीत आवाजाचं.

त्या मंगळवारी दोघी हवेत एकमेकींवर आदळता आदळता वाचल्या. भावजय दुसऱ्या कुणाचं ग्लायडर सोडून परत येत होती, तोच समोरच्या ढगाच्या कडेतून एकदम पांढरा पंख निघाला. तिनं विमान असं झटकन कलवलं की पाण्याची बाटली कानावर येऊन बसली.

"वन्सं!" खाली आल्या आल्या ती ओरडली. एरवी ती ताईच म्हणायची. वन्सं म्हणजे प्रकरण तापलेलं. "अहो, दिसलाच नाहीत तुम्ही!"

"मग डोळे तपासून घे. मला तू चांगली दिसत होतीस."

"मी पिवळी आहे म्हणून!"

शेडचे मिस्त्री हळूच मध्ये पडले. "सगळं रंगवता येणार नाही, डॉक्टर. गडद रंग उन्हात तापतो, फायबर मऊ पडतं. पण नाक, पंखांची टोकं आणि शेपूट, तेवढ्यावर नारिंगी चिकटपट्टे चालतात."

"माझ्या ग्लायडरला? सर्कशीत नाही न्यायचंय ते!"

भावजयीचा आवाज एकदम गोड झाला. "बरं. उद्या ग्लायडर मिस्त्री उडवतील. तुम्ही माझ्या मागे बसा आणि ते शोधून दाखवा. सापडलं, तर महिनाभर शेड मी झाडते. नाही सापडलं, तर पट्टे."

"झाडू आणून ठेव," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी वर गेल्यावर दोन मिनिटांतच ताईंनी तिच्या खांद्यावर थाप मारली. "ते बघ, डावीकडे!" तो बगळा होता. मग त्यांना एक ढगाचा तुकडा सापडला. तिसऱ्यांदा त्या अगदी शपथेवर म्हणाल्या, "ते, ते नक्की!" ते कुणाच्या तरी गच्चीवरचं पत्र्याचं छप्पर निघालं.

रेडिओ खरखरला. "डॉक्टर, मी तुमच्या उजवीकडे, जरासा वर. मघापासून हात हलवतोय."

ताईंनी मान वळवली. मिस्त्री खरंच हात हलवत होते, तेही अगदी स्पष्ट दिसेल इतक्या जवळून.

त्या भावजयीकडे वळून म्हणाल्या, "काल घाबरली होतीस का गं?"

"घाबरले? तुम्ही खाली येईपर्यंत सीटचा पट्टा सोडून उठता येईना मला."

त्या संध्याकाळी ताईंनी पट्टे स्वतः लावले. मिस्त्रींना हात लावू दिला नाही. दातात चांदी भरायच्या हत्यारानं त्यांनी पट्ट्याखालचा बुडबुडा न् बुडबुडा काढला.

आठवड्याभरात नारिंगी शेपूट कुणाचं ते सगळ्या वस्तीला ठाऊक झालं. गुरुवारी हवा फार छान होती. ताईंनी दवाखान्यावर 'तातडीच्या शस्त्रक्रियेसाठी बाहेर' अशी पाटी लावली आणि उडून आल्या. शुक्रवारी गाल सुजलेला एक टपालवाला खुर्चीत बसला.

"काल दुपारी दाराशी आलो होतो, डॉक्टर. पाटी वाचली, वर बघितलं. शस्त्रक्रिया वरच होती का?"

"आ करा. अजून मोठा," ताई म्हणाल्या आणि त्याच्या तोंडात लागतो त्याच्या दुप्पट कापूस कोंबला. त्याचे पैसे मात्र घेतले नाहीत. संध्याकाळी नवी पाटी लागली: गुरुवारी दुपारी बंद.

महिन्याभरात बाकीच्या ग्लायडरवाल्यांनीही पट्टे लावून घेतले. त्यांतले एक शाळेत मास्तर होते. त्यांनी मिस्त्रींना बाजूला घेऊन विचारलं, "विमानातून दिसेल, पण खालून, म्हणजे शाळेच्या पटांगणातून वगैरे, दिसणार नाही असा एखादा रंग मिळतो का हो?"