पातेलं पसंत नाही

गुरुदत्तने पातेल्यात खांद्यापर्यंत डोकं घातलं आणि आतून तळ बोटांच्या पेरांनी वाजवून पाहिला. हॉटेलांना भांडी पुरवणाऱ्या त्या दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळे टकटक पार काउंटरपर्यंत ऐकू गेली. तिथल्या म्हाताऱ्याने पेपरातून मान वर काढली. कोट अंगावर तसाच ठेवून उभ्या असलेल्या शरयूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आतून रिव्हेट आहेत," बाहेर येत गुरुदत्त म्हणाला. "कानांचे. त्यांच्या मागे बिअरचं माल्ट अडकून राहणार."

"मग घासा ना घासणीने."

"तसं नसतं ते, शरयू."

तसं नसतं, हे तिला एव्हाना पाठ झालं होतं. ॲल्युमिनियमचं चालत नव्हतं, कारण बिअरला वास लागतो असं कुणीतरी म्हणालं होतं. एनॅमलचं आवडलं, तर त्याचा काठाला एवढासा टवका उडालेला निघाला. स्टीलची छोटी पातेली बाद, कारण माल्टचं पाणी दुधासारखं उतू जातं. मोठी बाद, कारण ती घरच्या स्टोव्हवर डुगडुगणार. त्यांच्या शॉमबर्गमधली दुकानं संपली, तेव्हा शिकागोतली सुरू झाली. शरयूला या माणसाने कांदेपोह्यांची बशी संपायच्या आत पसंत केलं होतं. पातेल्यांची मात्र इतकी कडक पारख चालली होती की ती कुणा उपवर मुलीची चालली असती, तर तिच्या बापाने याला हाकलून दिलं असतं.

गेल्या उन्हाळ्यात गुरुदत्तची कंपनी बंद पडली. तिथे त्याने वीस वर्षं प्रेस मशिनांची डिझाइनं केली होती. शेवटच्या दिवशी फ्रँक नावाच्या सहकाऱ्याने घरी केलेल्या बिअरची बाटली त्याच्या हातात ठेवली. घरी बिअर करणं आता कायद्यात बसतं, सोपं आहे, तूही कर, असं म्हणाला. सुरुवातीचे महिने गुरुदत्तने नोकरीसाठी अर्ज केले. त्याच्या निम्म्या वयाच्या पोरांनी त्याच्या मुलाखती घेतल्या आणि कळवतो म्हणून सांगितलं. कुणी काही कळवलं नाही. मग तो सोफ्यावर बसायला लागला. शरयू हॉस्पिटलच्या लॅबमधून संध्याकाळी परतायची तेव्हा सकाळचा गाऊन तसाच अंगावर असायचा, आणि चहाचा कप तसाच टीपॉयवर.

त्यामुळे दिवाळीनंतर त्याने बिअरचं मनावर घेतलं तेव्हा तिला बरंच वाटलं होतं. माल्टचे डबे आले, कडवटपणासाठी हॉप्सची वाळकी फुलं आली, यीस्टच्या पुड्या आल्या, काचेचा मोठा बुधला आला, बाटल्यांना बुचं बसवायचं यंत्र आलं. बेसमेंटमध्ये नुसता थाट झाला. आता फक्त उकळायला पातेलं हवं होतं, आणि तिथेच गाडं अडलं. थंडी ओसरत आली तरी अडलेलंच होतं. आठवडाभर तो एकटा दुकानं हुडकायचा आणि शनिवारी, तिच्या हक्काच्या सुट्टीच्या दिवशी, तिला बर्फाच्या चिखलातून ती दाखवायला न्यायचा. जाताना दाढी गुळगुळीत, इस्त्रीचा शर्ट आणि वर टाय.

"पातेलं बघायला टाय कशाला?" तिने एकदा विचारलंही होतं. त्यावर त्याने फक्त गाठ सारखी केली.

रिव्हेटवालं पातेलं नाकारून घरी आल्यावर तिच्या डोक्यावरून पाणी गेलं. कोट न काढताच ती बेसमेंटमध्ये उतरली. महाराष्ट्र मंडळाची भांडी त्यांच्याकडे ठेवायला असत. त्यातलं सगळ्यात मोठं स्टीलचं पातेलं, ज्यात दरवर्षी गणपतीला सगळ्या मंडळाचा मसालेभात होई, ते तिने दोन्ही हातांनी धरून पायऱ्यांवरून वर आणलं आणि दाणकन स्टोव्हवर ठेवलं.

"घ्या. जाड तळ आहे. रिव्हेट नाहीत. डुगडुगतही नाही. करा आता बिअर."

गुरुदत्त पातेल्याकडे बघत राहिला.

"यात प्रसाद होतो," तो म्हणाला.

शरयूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आरतीला टाळ्या वाजवायला लागू नयेत म्हणून दरवर्षी पार्किंगमध्ये उभा राहणारा माणूस हा. आणि मंडळाच्या पातेल्यात दारू शिजवायला ती, शरयू, स्वतःहून तयार झाली होती. मंडळातल्या मालिनीला किंवा आणखी कुणाला कळलं असतं, तर तिला मंडळात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

"तुम्ही कधीपासून मानायला लागलात?"

"मी नाही मानत. लोक मानतात ना."

त्याने पातेलं उचललं, धुतलं, कोरडं पुसलं आणि खाली नेऊन ठेवलं. या माणसाला बिअर करायचीच नाहीये, असं तिच्या मनात आलं, आणि ती रागाने रडली.

बुधवारी संध्याकाळी ती भाजी चिरत असताना फोन वाजला. पलीकडे उल्हास होता, ह्यूस्टनला गेलेला जुना मित्र. कंपनी बंद झाल्यापासून गुरुदत्त फोन टाळायचा, बाथरूममध्ये आहेत म्हणून सांग म्हणायचा. आज त्याने तो स्वतः घेतला. सध्या काय करतोस, असं उल्हासने विचारलं असावं, कारण गुरुदत्त म्हणाला,

"सध्या? अरे यार, सध्या एकदम बिझी. बिअर ब्रू करायचं प्रोजेक्ट घेतलंय. नाही नाही, झाली नाही अजून. केटल, म्हणजे पातेलं रे, फायनल व्हायचीय. तुला वाटतं तितकं सोपं नाहीये ते."

मग तो बोलतच राहिला. तळाची जाडी, वेल्डिंग, कडेची उंची, उष्णता कुठून कशी चढते. ऑफिसातून फोन करायचा तेव्हाचा तो आवाज होता, जरा घाईतला, समोरच्याला समजावून सांगणारा. शरयूची सुरी थांबली. हा आवाज घरातून नाहीसा झाला होता हे तिला आज, तो परत ऐकल्यावर कळलं.

फोन ठेवल्यावर तो जागचा उठला नाही. टीव्हीही लावला नाही. बिअर होऊन बाटल्यांत भरली गेली की मग उल्हासला काय सांगायचं, हा प्रश्न तिला पडला, आणि त्याच्या पाठीकडे पाहताना त्यालाही तोच पडलाय हे तिला दिसलं. तिला स्वतःची फार लाज वाटली. तिने पुन्हा भाजी चिरायला घेतली.

त्या शनिवारी नको ते झालं. एका बंद पडलेल्या कँटीनचं सामान विकणाऱ्या दुकानात त्यांना पातेलं सापडलं.

गुरुदत्तने ते सगळीकडून पाहिलं. तळ जाड होता. कान बाहेरून वेल्ड केलेले. आत एक रेघ नाही. त्याने ते जमिनीवर ठेवून डुलवलं, ते हललं नाही. झाकण बसवलं, ते चपखल बसलं. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी सावकाश. बोटं काठावरून फिरवत तो एखादा टवका, एखादा पोचा, काहीतरी शोधत होता.

दुकानदाराने येऊन विचारलं, खोक्यात भरू का?

गुरुदत्तचा हात झाकणावरच राहिला. त्याने शरयूकडे पाहिलं. अर्जांच्या दिवसांत पोस्टाने कुठलंही पाकीट आलं की फोडायच्या आधी तो असाच बघायचा.

"उंच आहे," शरयू म्हणाली.

"काय?"

"उंच आहे हो. स्टोव्हवरच्या धुराच्या हूडला लागेल. झाकण काढायचं कसं?"

हूडखालच्या जागेचं माप त्याने स्वतः घेतलं होतं. पातेलं ठेवून वर हातभर जागा उरली असती. मंडळाचं पातेलं याच्याहून उंच होतं आणि ते तिने स्वतःच त्या स्टोव्हवर ठेवलं होतं. ती नजर न हलवता त्याच्याकडे बघत राहिली. इतक्या निर्विकार चेहऱ्याने ती आयुष्यात कधी खोटं बोलली नव्हती.

मग त्याने झाकणावरचा हात काढला.

"हो," तो म्हणाला. "लागेल."

त्याने दुकानदाराचे आभार मानले. दोघं बाहेर आली. गाडीत बसून किल्ली फिरवायच्या आधी तो समोरच्या काचेतून बघत राहिला.

"मिलवॉकीला दोन-तीन दुकानं आहेत म्हणे," तो म्हणाला. "पण लांब पडेल."

"लांबचीच बघू," शरयू म्हणाली. "मी धपाटे करून घेते."