हलका हात

शालिकराम विणकराची पोर जन्मली तेव्हा तिला शौचाची जागाच नव्हती. शहात्तर साल होतं. नागपुरातल्या डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन करून वाट काढली आणि पोर वाचली. घरी सोडताना त्यांनी एक गुळगुळीत सळई दिली आणि बजावलं, ही तेल लावून रोज आत घालायची. ताजी जखम आवळत जाते. एकदा आवळली की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

हे काम पोरीच्या आईकडे, प्रेमिलाकडे आलं. पोर, कुसुम, आकांत करायची, आणि तिचा बाप तेवढा वेळ माग सोडून थेट गांधीबागेत जाऊन बसायचा. बापाचं काळीज, दुसरं काय. पण काळीज असं मऊ असलं की अक्कल गहाण पडायला वेळ लागत नाही.

मग मागावरच्या ताण्याच्या सुताला लावायची उकळती खळ प्रेमिलाच्या उजव्या हातावर सांडली आणि सळई शालिकरामच्या हाती आली. पोरीला घेऊन तो मागाच्या खोलीत गेला, दार लोटलं. कुसुम त्याच्याकडे बघून हसली. त्याने सळई खिशात ठेवली, तिला थोडं खेळवलं आणि बाहेर आला.

"रडली नाही जी?" प्रेमिलाने विचारलं.

"माहा हात हलका आहे वं."

उद्यापासून करू, असं तो रोज मनाशी म्हणे, आणि दुसऱ्या दिवशी पोर पुन्हा हसे. पोट फुगतंय हे दोघांनाही दिसत होतं. दातांचं असेल म्हणून घुटी चालू होती. बिचारी प्रेमिला शेजारणीला सांगायची, "माहाच हात जड. यांच्याजवळ पोरगी हूं का चूं करत नाही."

हात बरा झाल्यावर तिने सळई घेतली. ती आत जाईना.

"वाट आवळली," डॉक्टर म्हणाले. "आता पोटातून वाट काढावी लागेल, मग खालचं ऑपरेशन नव्यानं. सळई कोण घालत होतं?"

"माह्याच जड हातानं बिघडलं असन, साहेब," प्रेमिला रडत म्हणाली.

शालिकरामला ते ऐकवलं नाही. "तिनं नाही, साहेब. मी घालतच नव्हतो. पोरगी हासे माह्याकडे पाहून."

प्रेमिलाने पोरीला पदराखाली घेतलं आणि त्याच्याकडे पाठ फिरवली. त्यापेक्षा तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं.

सगळी ऑपरेशनं पार पडून कुसुम घरी आली तेव्हा ती चालत होती, बोबडं बोलत होती. सळई आता शालिकरामने स्वतःकडेच ठेवली. एक दिवस चुकवला नाही. प्रेमिला कितीदा म्हणाली, "आणा, मी करतो." त्याने दिली नाही.

वाट उघडी राहिली, पोर धडपणे वाढू लागली. पण सकाळी बाप हात धुवायला उठला की ती मागाखालच्या, विणताना पाय सोडायच्या खड्ड्यात जाऊन लपायची. तो खाली उतरून तिला उचलायचा, आणि ती आईला हाका मारायची.