वरची ओळ

सावळारामाच्या बागेत आलेल्या पाहुण्याला वरची ओळ बघितल्याशिवाय चहा मिळत नसे. धसई मागे टाकून सिद्धगडाच्या अंगाने वर गेलं की ओढ्याकाठी त्याची ती लहानशी बाग होती. खाली हापूसची दहा झाडं, वर हापूसची दहा झाडं आणि बांधावर काजू. खालची झाडं अगदीच बेताची, माणसाच्या डोक्याला लागतील एवढी. वरची मात्र सात वर्षांत घराच्या कौलांना भिडली होती.

"एकाच दिवशी लावली, एकाच नर्सरीतली," सावळाराम सांगायचा. "पन ही बघा. नुसते पैलवान!"

पाहुणा मान डोलवायचा. सावळारामाची बायको वत्सला अशा वेळी नेमकी चुलीपाशी काहीतरी शोधत असायची. त्या पैलवानांचं खरं कुळ पंचक्रोशीत तिला एकटीला ठाऊक होतं.

खालच्या झाडांना दोन वर्षांपासून मोहोर येत होता, वरच्यांना एक तुरा नाही. त्याचंही सावळारामाला कौतुकच. "अंग धरतात अजून. एकदा लागली की फांद्यांना टेकू द्यावे लागतील!" असं म्हणून शेणखताच्या दोन पाट्या जास्त वरच्या ओळीलाच पडायच्या. हिवाळा लागला की पहाटे उठून, खांद्यावर काळी घोंगडी टाकून, तो मोहोरावरच्या तुडतुड्यांसाठी झाडांखाली ओल्या पाल्याचा धूर करी. धूर खालच्या ओळीला हवा असे. हा बाबा आशेने वरच्या ओळीलाही करी. वत्सला दारातून बघायची ती त्या घोंगडीकडे. घोंगडी तिनेच आणलेली होती, म्हसा गावच्या जत्रेतून, आणि सगळं पाप तिथूनच सुरू झालं होतं.

पंच्याण्णवच्या पावसाळ्यात कलमं लावली, तेव्हा सावळाराम मुरबाडला कारखान्यात कामाला होता आणि आठवड्याने घरी येई. बाग वत्सलेच्या अंगावर. ओढ्यातून हंडे वाहून तिने तो पहिला हिवाळा काढला. नर्सरीवाल्याने लावतानाच बजावलं होतं, "ताई, ही पट्टी बांधलीय ना, तिच्या वरचा हापूस, खालचा खुंट रायवळ. पट्टीच्या खालून फूट आली तर लगेच खुडायची. नायतर हापूस जाईल आन रायवळच र्‍हाईल." तिने हे स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. नंतर सात वर्षं तिला तोच तर त्रास होता, की ऐकलं नव्हतं असंही म्हणता येत नव्हतं.

पौषात म्हशाची जत्रा भरली. जत्रेला जाणारा टेम्पो वाटेवर थांबून हॉर्न वाजवत होता, आत माहेरच्या बाया हाका मारत होत्या. वत्सला पातळ सावरत धावली आणि कुंपणाच्या खिंडीत काटी लावायची राहून गेली. टेम्पोत बसल्यावर तिला आठवलंही होतं. पण चार दिवसांत काय होतंय, असं म्हणून तिने बांगड्यांच्या गप्पांत डोकं घातलं. परत आली तेव्हा शेळ्यांनी वरची ओळ साफ केली होती. दहाच्या दहा शेंडे पट्टीपर्यंत कुरतडलेले. उरलेलं बोटभर लाकूड आठ दिवसांत वाळून काळं पडलं. वत्सलेने ते विळ्याने छाटलं, पट्ट्या सोडल्या आणि जखमेवर शेणमाती लिंपली. काही दिवसांनी खुंटांना खालून तांबूस, टवटवीत फूट आली. तिने खुडली नाही. रोज पाणी घातलं.

कारखान्यातल्या जादा पाळ्यांमुळे सावळाराम दीड महिन्याने एका शनिवारी आला आणि वरच्या ओळीपाशी उकिडवा बसला. थंडीने वाळलेली कलमं तिने पाणी घालून परत फुटवली, असं त्याला वाटलं. तो म्हणाला, "मी असतो तर जगली नसती गो. तुझ्या हाताला गुन हाय."

लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि हा माणूस भाजी चांगली झाली तरी गप्प जेवून उठायचा. तिला ते शब्द परत करवले नाहीत. तिने घोंगडी त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "तुमच्यासाठी आनली." बस्स, एवढंच.

आता दोन हजार तीनचा हिवाळा चालला होता आणि गोष्ट घरापुरती राहिली नव्हती. सावळारामाचा धाकटा भाऊ राघो शेजारच्याच शेतात राहायचा. त्याच्याकडे वत्सलेच्या सासूबाईंच्या वेळचा लोणच्याचा आंबा होता, दरवर्षी लगडणारा. "त्या आंबटावर हापूस चढव, काड्या मी देतो," असं सांगून सांगून सावळारामाने गेल्या वर्षी त्याला ते झाड मुंडायला लावलं. फांद्या कोसळल्या त्या दिवशी वत्सला तिथेच होती. राघोची बायको रडली, तिला धरून हीसुद्धा रडली, पण बोलली नाही. झाडाला नवे फुटवे आले. आता त्यांच्यावर काड्या बांधायच्या, आणि काड्या अर्थातच वरच्या ओळीच्या. दहा दिवस आधी सावळारामाने निवडक डहाळ्यांची पानं छाटून ठेवली, म्हणजे फुटीचे डोळे फुगतात.

ते दहा दिवस वत्सलेने कसे काढले तिचं तिला माहीत. बागेतलं गवत कापलं, वणवा आत येऊ नये म्हणून बांधाकडेने पट्टा साफ केला, मोहोरलेल्या काजूंखालचा पाला झाडला. एकदा धीर करून म्हणाली, "अवो, काड्या खालच्या वळीच्या द्या ना. त्यांना मोहोर तरी येतो."

"बियानं कुनी रोगट घेतं का?" सावळाराम हसला. "तू भाकरी कर."

तिने भाकरी केली. आपण किती भित्र्या आहोत हे तिला तव्यासमोर बसून नीट कळलं, आणि स्वतःची इतकी किळस तिला कधी आली नव्हती.

अकराव्या दिवशी सकाळी कलमं बांधणारा बारकू शहापूरहून आला. सावळारामाने त्याला आणि राघोला वरच्या ओळीत नेलं. बारकूने एक पान चुरगळून नाकाला लावलं. दुसरं लावलं. मग बुंध्यापाशी बसून खालपासून हात फिरवला.

"दादा, ह्याला सांधा नाय. पानाला वासबी नाय. हा रायवळ हाय."

"तुला काय कळतं हापूसमधलं?" सावळाराम भडकला. "पोटासाठी दारोदार फिरतोस आन मला शिकवतोस?"

बारकूने खालच्या ओळीतलं पान आणून, दोन्ही चुरगळून सावळारामाच्या नाकाशी धरली. सावळाराम बराच वेळ हुंगत राहिला.

"फसवलं," तो म्हणाला. "नर्सरीवाल्यानं मला अडानी बघून फसवलं रे राघो. निम्मी कलमं, निम्मी रोपं दिली."

"असंलबी," बारकू म्हणाला.

"असंलबी काय, तसंच!" राघो म्हणाला. "चोर साला."

वत्सला चहाचे कप घेऊन उभी होती. सगळं मिटलं होतं. तिच्याकडे कुणी बघितलंही नव्हतं. आता फक्त चहा द्यायचा, चार शिव्या त्या नर्सरीवाल्याला आपणही घालायच्या आणि मरेपर्यंत सुखाने झोपायचं. त्या माणसाने तिला ताई म्हणून, बोट लावून लावून सगळं समजावलं होतं. तिने कप खाली गवतात ठेवले.

"त्यानं नाय फसवलं," ती म्हणाली. "मी फसवलं."

आणि तिने सांगितलं. टेम्पो, काटी, शेळ्या, विळा, शेणमाती. काही गाळलं नाही. राघोकडे वळून म्हणाली, "भावजी, तुमचं झाड मुंडलं तवा मी तितंच व्हते. तवा बोलाया पायजे व्हतं."

सावळारामाने फक्त एक विचारलं. "सात वरसं?"

"व्हय."

"आन ही घोंगडी त्याच जत्रेतली?"

ती हो म्हणाली. त्याने खांद्यावरची घोंगडी काढली, कुंपणावर टाकली आणि बारकूला म्हणाला, "चुकलो मी. खालच्या वळीच्या काड्या घे." दिवसभर तो राघोच्या झाडावर काड्या बांधू लागला. वत्सलेशी तो एक शब्द बोलला नाही.

दुसर्‍या दिवशी पहाटे तिला जाग आली तेव्हा तो अंथरुणात नव्हता. ती बागेत गेली. वरच्या ओळीतल्या पहिल्या झाडाला शिडी लावून तो अंगात नुसती बंडी घालून उभा होता, हातात करवत; राघोच्या झाडासारखंच हेही मुंडायला घेतलं होतं. घोंगडी काल टाकली तिथेच होती, दवाने भिजून जड झालेली. घरातलं सोलापुरी पांघरूण तिने सोबत आणलं होतं.

"अवो, हे तरी घ्या. गारठा हाय."

"फांदी धर," तो म्हणाला.

तिने पांघरूण खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी फांदी धरली. भुसा तिच्या मनगटांवर पडू लागला. करवत मधे मधे थांबे, तेव्हा वर त्याचे दात वाजत होते ते तिला ऐकू येत होतं.