भिमाजीचा खुंट

देहूरोडच्या छावणीत रविवारी दुपारी इंग्रजी पिक्चर लागे. जवानांच्या सायकली दुरुस्त करणाऱ्या रहिमानला तिथं आत सोडत. छपन्न साली एकदा त्यानं पिंपरीच्या आपल्या दोस्ताला, भिमाजीला, बरोबर नेलं.

पडद्यावर छपराच्या घोडागाड्या, त्यांत बायकापोरं, भांडीकुंडी. बिगूल वाजला की सगळे सुसाट सुटायचे. जो आधी खुंट ठोकेल, जमीन त्याची. डोक्याला पिसं लावलेले लोक टेकडीवरून चालून आले, तेव्हा भिमाजीनं त्यांना मनापासून शिव्या घातल्या. जमीन मुळात त्यांचीच होती आणि पिंपरीत त्यांच्या जागी आपण आहोत, हे काही त्याच्या डोक्यात शिरलं नाही. गडी गाडीवाल्यांवर खूष होता.

त्याच्या शेतात मोजणीवाल्यांनी नव्या कारखान्यासाठी हद्दीचा दगड पुरला होता. विहीर दगडापलीकडे, कारखान्याच्या वाट्याला गेली होती. नवरा-बायकोनं सहा उन्हाळे खपून खणलेली विहीर. दगड उपटला तर तुरुंग, हे भिमाजीला ठाऊक होतं.

"आपला खुंट आपुन ठोकायचा," तो बायकोला, यशोदाबाईला म्हणाला. त्यानं तेलात शेंदूर कालवला आणि सरकारी दगडाचा म्हसोबा केला. देवापुढची जागा कोण घेतंय, असा त्याचा हिशेब. महिन्याभरात दगडापुढं नारळ फुटू लागले. कुणाची म्हैस बरी झाली म्हणे.

मग मोजणीचे साहेब पुन्हा आले. रहिमानही दुकान बंद करून बघायला आला. साहेबांनी नकाशा पसरला, पावलं टाकली आणि म्हणाले, "आमचीच चूक झाली. दगड विहिरीच्या पलीकडे हवा होता. विहीर तुमचीच राहील. उचला रे दगड."

मजुरांनी हात जोडले आणि मागं सरले. एकही पुढं होईना.

"मग तुम्ही उचला," साहेब भिमाजीला म्हणाले. "कागद आज जायचाय. दगड असेल तिथंच हद्द लिहीन."

भिमाजी वाकला. दगडाला दोन्ही हात लावले. हा देव आपणच महिन्यापूर्वी केलाय, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? तरी हात चालेनात. त्याला खरोखर भीती वाटली, आणि भीतीची लाजही.

"सरक. मी उचलतो," रहिमान म्हणाला.

भिमाजीनं त्याचं मनगट धरलं. "नगं, राव. तुलाबी बाधंल."

रहिमाननं यशोदाबाईकडं पाहिलं. तिनं मान हलवली. नको.

साहेब वाट बघत थोडा वेळ थांबले. वाईट माणूस नव्हता. मग त्यांनी पेन्सिल काढली. ते लिहीत होते तोवर यशोदाबाई घरातली होती नव्हती तेवढी भांडी विहिरीवर घेऊन आली आणि एकेक भरू लागली.