लग्नं गार करणारी टाकी

मित्रांनो, मी एक जुनी टाकी आहे. टाकी म्हटलं की लोक आधी झाकण उचलून पाणी किती आहे ते बघतात. माझ्यात पाणी असतं, नाही असं नाही. पण माझी खरी दौलत म्हणजे बर्फ. सध्या मी तळोज्याच्या एका दूध डेअरीत कामाला आहे. त्याआधी, ऐन उमेदीच्या वर्षांत मी काय करत होते ते सांगितलं तर तुम्ही हसाल. मी लग्नं गार करत असे.

माझा जन्म रबाळ्याच्या एका कारखान्यात झाला. गीतांजली नावाच्या तरुण इंजिनिअर मुलीनं मला आधी कागदावर काढलं आणि मग पत्र्यात उतरवलं. पत्र्याचं मोठं खोकं, आत नळ्यांची वेटोळ्यांवर वेटोळी आणि बाहेरून थर्माकोलचा जाड अंगरखा, असं माझं रूप. नळ्या जोडणारा वेल्डर वैतागून म्हणाला होता, "मॅडम, ही टाकी आहे की सुतरफेणी?"

करावे गावाच्या अंगाला, नव्या इमारती उठत होत्या तिथे, हौसेराव नावाच्या कंत्राटदारानं मंगल कार्यालय बांधलं होतं. हौसेराव मूळचे साताऱ्याकडचे. नावाप्रमाणे हौस दांडगी. आपलं कार्यालय पूर्ण वातानुकूलित हवं, असा त्यांचा हट्ट होता. पण कार्यालयाला मिळालेली वीज बेताची. एवढ्या वऱ्हाडाला गार ठेवणारं मोठं यंत्र तिच्यावर चालणं शक्य नव्हतं.

गीतांजलीनं त्यावर तोड काढली. लग्न काही दिवसभर चालत नाही. गर्दी असते ती दुपारपुरती. मग एक छोटं यंत्र रात्रभर चालवायचं आणि थंडी साठवून ठेवायची. ते यंत्र माझ्या नळ्यांतून असं एक पाणी फिरवी, जे स्वतः गोठत नाही पण दुसऱ्याला गोठवतं. त्याच्या संगतीनं माझ्यातलं पाणी नळ्यांभोवती थरावर थर गोठत जाई. दुसऱ्या दिवशी पंप सुरू झाला, की बर्फाला घासून गेलेलं गारेगार पाणी कार्यालयात पोचे आणि पंखे त्याच्यावरून हवा फुंकत. रात्रभर जमवलेली थंडी मी एका दुपारी उधळून टाकत असे. काटकसर आणि उधळेपणा एकाच अंगी असलेली माझ्यासारखी दुसरी कोणी तुम्हांला सापडायची नाही.

मला कार्यालयाच्या मागच्या बाजूला, मुदपाकखान्याला लागून बसवलं. हौसेराव तर आनंदानं वेडे व्हायचे बाकी होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते माझ्यापाशी आणून उभं करत. आणि तिथेच घोटाळा झाला.

खांदेश्वरहून गोजराबाई नावाच्या एक बाई मुलाच्या लग्नासाठी कार्यालय बघायला आल्या. गारवा लागल्यावर त्यांचा चेहरा खुलला.

"छान आहे हो! एवढं थंड कशानं होतं?"

"बर्फानं!" हौसेराव छाती फुगवून म्हणाले. "मागं बर्फाचा डोंगर हाय, ताई. चला, दावतो."

गोजराबाई जागच्या जागी थिजल्या. "बर्फ? आमचे सासरे गेले तेव्हा त्यांना गावाकडची माणसं येईपर्यंत बर्फावर ठेवलं होतं. त्या बर्फावर माझ्या पोराचं लग्न लावू?"

पदर खांद्यावर ओढून त्या चालत्या झाल्या. बसमध्ये त्यांनी ही गोष्ट कोणाकोणाला सांगितली असेल ते त्यांनाच ठाऊक, पण पुढच्या काही दिवसांत आमच्या कार्यालयाला 'बर्फावरचं कार्यालय' असं नाव पडलं. ठरलेली लग्नं दुसरीकडे गेली. एका मुंजीवाल्यानं तर, "आम्हांला गरम कार्यालयच हवं," असं तोंडावर सांगितलं. मी रोज रात्री इमानेइतबारे बर्फ धरी आणि दिवसभर तो तसाच बाळगून बसे.

तसा माझा उपयोग कोणी करतच नव्हतं असं नाही. कार्यालयाची झाडलोट बघणारी पुतळा करावे गावातली. एके दिवशी ती मासळीची पाटी घेऊनच आली आणि माझं झाकण उचलू लागली. नेमकी गीतांजली तिथे होती.

"अगं पुतळा, काय करतेस?"

"बाय, यवरा बरफ हाय, त माजी पाटी ठेवली त काय बिघरल? लगीन त कोन लावीत नाय हितं."

गीतांजलीनं पाटी बाहेर ठेवली, पण शेवटचं वाक्य तिला लागलं. पुतळा गेल्यावर ती माझ्या अंगाला टेकून बराच वेळ उभी राहिली. तिच्या साहेबांनी सांगूनच टाकलं होतं, की हे कार्यालय चाललं नाही तर बर्फाची टाकी ही पहिली आणि शेवटची. आणि हौसेराव कार्यालयाचं गोदाम करायच्या गोष्टी बोलत होते.

त्याच सुमारास गीतांजलीचं लग्न ठरलं. मुलगा पनवेलचा, आशुतोष नावाचा, शाळेत शिक्षक. तिचे वडील श्यामसुंदर बँकेतून निवृत्त होऊन नेरूळच्या फ्लॅटमध्ये राहायला आले होते, पण जीव अजून दादरलाच होता. त्यांनी दादरचं कार्यालय मनात पक्कं केलं होतं. गीतांजली म्हणाली, "बाबा, लग्न करावेलाच होणार. माझ्या टाकीवर."

ते मला बघायला आले. त्यांनी छत्रीच्या टोकानं मला दोनदा टोचलं, आणि मग तिच्याकडे वळले.

"गीतू, मला मुलीचं लग्न लावायचं आहे की यंत्राची ट्रायल घ्यायची आहे?"

"दोन्ही."

"आणि हे आयत्या वेळी बंद पडलं म्हणजे?"

"मी आहे ना."

"तू त्या वेळी नवरी असशील, बाळ!"

पण मुलगी हटली नाही. आशुतोष तर उलट खूश झाला; मे महिन्यात सूट घालून घाम येणार नाही, एवढंच त्याला समजलं होतं. श्यामसुंदर शेवटी कबूल झाले, पण तोंड पाडूनच.

लग्नाचा दिवस उजाडला. आदल्या रात्री मी जीव ओतून बर्फ धरला होता. सकाळी सकाळी श्यामसुंदर एकटेच माझ्यापाशी आले. हातात फुलांची मोठी परडी. वधूवरांचे हार, गजरे, वेण्या, सगळं त्यांनी पहाटे स्वतः दादरहून आणलं होतं, आणि उन्हानं फुलं आताच माना टाकायला लागली होती. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. मग माझं झाकण उचलून आत हात घातला.

"वा!" ते स्वतःशीच म्हणाले. "पोरीनं काम झकास केलंय."

मित्रांनो, माझा ऊर भरून आला. ज्या माणसानं मला छत्रीनं टोचलं, त्यानं विश्वासानं परडी माझ्या पाण्यावर हळूच तरंगत ठेवली, झाकण लावलं आणि रुमालानं हात पुसत तो निघून गेला.

पंप सुरू झाला. वऱ्हाड येऊ लागलं. बाहेर डांबर वितळत होतं आणि आत लोक, "अहो, माथेरानच की हे!" म्हणत होते. बर्फाला नावं ठेवणारेही मुद्दाम आले होते. त्यांत गोजराबाई होत्या; त्या आशुतोषच्या नात्यातल्या निघाल्या. त्या दारापाशीच बसल्या होत्या, वेळ आली तर लगेच उठता यावं म्हणून.

इकडे माझ्या पोटात मात्र वेगळंच चाललं होतं. पंपानं पाणी ओढलं तशी परडी कलंडली. झेंडू, शेवंती, मोगरा, जरीच्या दोऱ्या, सगळं वाहत वाहत पंपाच्या तोंडच्या जाळीत जाऊन बसलं. पाण्याची वाटच बुजली. माझ्याजवळ बर्फ होता, भरपूर होता, पण त्याची थंडी कार्यालयात पोचेना. पंप नुसताच घुमत राहिला.

मुहूर्त जवळ आला तशी हवा तापू लागली. आधी पत्रिकांचे पंखे झाले, मग रुमाल निघाले. "म्हटलं नव्हतं?" अशी कुजबुज सुरू झाली. हौसेराव फेटा सावरत माझ्याकडे धावले आणि माझ्या नळीवर मुठी आपटू लागले, जसं काही मी आतून दार उघडणार होते.

"मॅडमना बोलवा!" ते ओरडले.

"मॅडम गौरीहरापाशी बसल्यात," पुतळा म्हणाली. "लगीन त्यांचाच हाय."

पण गौरीहरापाशी बसलेल्या गीतांजलीला सगळं आधीच कळलं होतं. शेजारी बसलेल्या मावशीच्या कपाळावरून घामाचा ओघळ उतरला, गीतांजली त्याच्याकडे टक लावून बघू लागली, आणि मावशीला वाटलं, भाची गहिवरली. भाचीला मात्र कळलं की पाणी फिरत नाहीये. ती उठली. पिवळी साडी, मुंडावळ्या, हातभर हिरवा चुडा, अशीच ती मागच्या दारानं माझ्यापाशी आली.

"हौसेराव, पंप बंद करा. तो वरचा व्हॉल्व्ह फिरवा. पाना कुठाय?"

तिकडे अंतरपाट धरला गेला. मामा नवरीला आणायला गौरीहरापाशी गेले, तर तिथे अन्नपूर्णा होती, तांदूळ होते, आणि नवरी नव्हती. मामा धावत परतले. त्यांनी गुरुजींच्या कानात काहीतरी सांगितलं. गुरुजी अनुभवी होते. त्यांनी डोळे मिटून आणखी एक मंगलाष्टक सुरू केलं. ते संपल्यावर आणखी एक. मग करवल्यांना म्हणायला लावलं, मग वराच्या आत्याला. आत्याला कोणी कधी गाऊ दिलं नव्हतं; तिनं दीर्घ चालीत सुरुवात केली. अंतरपाटामागे आशुतोष सुटात चिंब झाला होता.

गीतांजलीनं जाळीचं झाकण खोललं, जाळी बाहेर ओढली आणि उलटी केली. फुलांचा हा एवढा लगदा जमिनीवर पडला.

"हे काय? माझ्या टाकीत फुलं?"

तेवढ्यात श्यामसुंदर हार न्यायला लगबगीनं आले. मुलीच्या हातात पाना, पायांशी झेंडूचा चिखल. ते जागच्या जागी उभे राहिले. मग त्यांनी माझं झाकण उचललं. आत परडी पालथी तरंगत होती.

"मी ठेवले होते," ते पुटपुटले. "सुकले असते गं."

"बाबा! तुमचा तर ह्या टाकीवर विश्वास नव्हता!"

"सकाळी बसला ना! म्हणून तर ठेवले!"

गीतांजली आधी रागानं लाल झाली, मग तिला हसू फुटलं, आणि ते आवरेना. वडीलही हसू लागले. दोघं माझ्या काठाला धरून हसत होती आणि हौसेराव बिचारे, "आवो, तिकडं आत्याबाईंचं चौथं कडवं चाललंय!" म्हणून विनवत होते.

जाळी धुतली, बसवली, पंप सुरू झाला. अडलेलं पाणी माझ्या अंगातून सळसळत निघालं. गीतांजलीनं नळीवर हात ठेवला, गार लागली तशी एक मोठा श्वास सोडला आणि पळायला निघाली. पुतळानं तिचा दंड धरला.

"बाय, हात धू आधी. नवरा बघल त म्हनल, ग्यारेजवाली केली." आणि तिनं आपल्या पदरानं त्या मेंदीच्या हातांवरचं ग्रीस पुसून काढलं.

नवरी उभी राहिली आणि अंतरपाट दूर झाला. माझ्यातून निघालेल्या हारांत दोरा जास्त आणि फुलं कमी होती, मधूनमधून बर्फाचे खडेही अडकलेले. गीतांजलीनं हार घातला. ते बर्फगार ओझं मानेवर पडताच आशुतोष, "आई गं!" करून एवढ्यानं किंचाळला, की वाजंत्री थांबली. मग हशाचा असा कल्लोळ उठला, की मला मागच्या भिंतीतून तो थरथरत जाणवला. त्या हशातच वरून गार हवेची पहिली झुळूक आली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी जेवणं झाली तरी कोणी उठेना. गोजराबाई तर खुर्चीत गाढ झोपल्या होत्या. त्यांना हलवून उठवलं तेव्हा डोळे चोळत त्या म्हणाल्या, "जरा थांबा हो, घरी जाऊन काय करायचंय? तिथं भट्टी आहे." श्यामसुंदर प्रत्येक पाहुण्याला हाताला धरून माझ्यापाशी आणत होते. "माझ्या मुलीनं केलंय," असं सांगत होते, आणि कोणी झाकणाला हात लावला तर अंगावर धावत होते.

पुढची काही वर्षं माझ्या वैभवाची. लग्नसराईत मला उसंत नसे. पण गाव वाढलं, वीज मुबलक मिळू लागली, आणि हौसेरावांच्या हौसेनं गच्चीवर नवी मोठी यंत्रं बसवली. माझं पाणी सोडून दिलं. माझ्यावर तुटक्या खुर्च्या रचल्या गेल्या. नळ्यांना गंज धरला. भंगारवाला दोनदा येऊन मला ठोकून बघून गेला. मित्रांनो, तेव्हाचे दिवस आठवले की आजही माझा पत्रा शहारतो.

मग एका सकाळी गीतांजली आली. तळोज्याच्या एका डेअरीचं काम तिच्याकडे होतं; त्यांना रोज सकाळी येणारं दूध झटपट थंड करायचं होतं. खुर्च्या खाली उतरवून ती विजेरी घेऊन माझ्या आत उतरली. नळीनळीवर हात फिरवून बाहेर आली तेव्हा तिचं तोंड गंजानं तांबडं झालं होतं.

"हौसेराव, ही मी नेते."

"आवो मॅडम, ती आता मेलेली हाय."

"तिला कोणी चालू केलंय का इतक्यात?"

हौसेरावांनी मला न्यायला ट्रक बोलावला.

माझा गंज घासला गेला, फुटक्या नळ्या बदलल्या, नवा अंगरखा चढला. डेअरीतल्या मारोती मेकॅनिकनं पहिल्या दिवशी विचारलं, "ही आधी काय थंड करायची?" ट्रकवाला म्हणाला, "लग्नं." मारोतीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "मग दुधाची काय कथा!" दुसऱ्या दिवशी कोमट दूध आलं आणि बघता बघता थंडगार होऊन पुढे गेलं.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, सोसायटीच्या कोपऱ्यात एखादं जुनं यंत्र उभं असेल. त्याच्यावर अडगळ रचण्याआधी त्याची धूळ पुसा, आणि एकदा ते सुरू करून बघा. बंद पडलेलं आणि बंद केलेलं, ह्यांत फार फरक असतो.